सात दिवसांचा परदेश

1883 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा कोठे जावे हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. वैद्यकीचे शिक्षण घ्यावयाचे होते, ते तेथे मिळणार होते, म्हणून तेथे जावयाचे होते. त्याच साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्यांच्याही प्रवासामागे शिक्षणाचा हेतू होता. समुद्रोल्लंघन हे त्या काळी प्रायश्चित्ताचे कारण समजले जाई. त्यामुळे तसेच सबळ प्रयोजन असल्याखेरीज सहसा कोणी बोटीवर पाऊल ठेवीत नसे.

आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. जाणे सोपे झाले आहे आणि प्रयोजन शोधणे अवघड झाले आहे. पारपत्र घरोघर आहे, विमाने रोज उडतात, सहलींच्या जाहिराती दररोज डोळ्यांपुढे येतात. परंतु सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबाला परदेशासाठी मिळणारा वेळ बहुधा एका आठवड्याचा असतो आणि असा आठवडा आयुष्यात फार वेळा येत नाही. म्हणून तो कोठे घालवावा, या प्रश्नाचा विचार हौशीने करावा, तसाच तो हिशेबानेही करावा.

उदाहरणादाखल इंदूरचे एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. गृहस्थ नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. पत्नीचे माहेर जळगावचे. चाळीस वर्षांचा संसार झाला, मुलांची शिक्षणे व लग्ने पार पडली. घरात चौऱ्याऐंशी वर्षांची आई आहे. तिला सांभाळावयास मुलगी येणार आहे, पण तिलाही आठ दिवसांहून अधिक रजा नाही. खर्चासाठी काही रक्कम बाजूला काढलेली आहे आणि ती दुसऱ्यांदा काढता येईल अशी स्थिती नाही. शेजारचे लोक युरोपातील पाच देश एका आठवड्यात पाहून आले असल्यामुळे गृहस्थांचे मन त्याच सहलीकडे ओढ घेत आहे. हे चित्र अपवादात्मक नाही. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, कोठेही ते दिसेल. या कुटुंबाने निर्णय कसा घ्यावा?

पहिला हिशेब दिवसांचा. सात दिवसांची सहल म्हणजे सात दिवसांचा परदेश नव्हे. जाण्याचा एक दिवस व येण्याचा एक दिवस वजा केला की पाच उरतात. मुंबईहून थेट विमानाने झुरिकला पोहोचावयास सुमारे नऊ तास लागतात. त्यात इंदूरहून मुंबईस येणे, विमानतळावर तीन तास आधी हजर राहणे आणि उतरल्यावरची तपासणी मिळवावी, म्हणजे दिवस कसा संपतो ते कळते. आता उरलेल्या पाच दिवसांत पाच शहरे पाहावयाची तर मुक्काम चार वेळा हलवावा लागेल. सामान आवरणे, गाडीत बसणे, नव्या मुक्कामी पोहोचणे यांत प्रत्येक वेळी निदान अर्धा दिवस जातो. म्हणजे आणखी दोन दिवस गेले. राहिलेल्या तीन दिवसांचे जागेपणीचे तास तीस धरले तर प्रत्येक शहराच्या वाट्याला सहा तास येतात आणि त्यांतच जेवण, विश्रांती व रांगा आल्या. अशा सहलीतून घरी आलेल्या माणसाला नावे पुष्कळ सांगता येतात. पण एखाद्या गावाची सकाळ कशी असते, हे त्याला सांगता येत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण अशा प्रवासाला चपखल लागू पडते.

यावरून एक साधा नियम काढता येतो. आठवड्याच्या प्रवासात देश एकच असावा आणि मुक्काम फार तर तीन असावेत. युरोप वाईट, असा याचा अर्थ नाही. स्वित्झर्लंडातील एकाच सरोवराच्या काठी किंवा रोमसारख्या एकाच नगरीत सहा दिवस राहणारा मनुष्य तृप्त होऊन परत येईल. दोष युरोपचा नाही, आठवड्याच्या पिशवीत खंड कोंबण्याचा आहे.

दुसरा हिशेब घड्याळाचा. मनुष्याच्या शरीरात झोपेचे व जागेपणाचे एक घड्याळ असते आणि ते सूर्यप्रकाशाशी जुळलेले असते. विमान काही तासांत अनेक रेखांश ओलांडते. शरीराचे घड्याळ मात्र मागे राहते आणि ढोबळ मानाने दिवसाला एक तास या गतीने नव्या वेळेशी जुळवून घेते. यालाच जेटलॅग म्हणतात. पूर्वेकडे जाताना हा त्रास बहुतेकांना अधिक जाणवतो, कारण तेथे लवकर झोपावे लागते आणि शरीराला लवकर झोपण्यापेक्षा उशिरा झोपणे सोपे जाते. भारताच्या मानाने जपानचे घड्याळ साडेतीन तास पुढे आहे. स्वित्झर्लंडचे उन्हाळ्यात साडेतीन व हिवाळ्यात साडेचार तास मागे आहे. न्यूयॉर्कचे साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे आहे. कंबोडिया केवळ दीड तास पुढे, मॉरिशस दीड तास मागे आणि श्रीलंकेचे घड्याळ तर भारताच्या घड्याळाबरोबरच चालते. तरुण माणसाला हा फरक सोसतो. साठी उलटलेल्या माणसाने मात्र अमेरिकेसाठी सात दिवस काढले, तर शरीर तेथे रुळू लागण्याच्या सुमारास परतीचे विमान समोर उभे असते. अमेरिकेस जावयाचे तर तीन आठवडे हाती असावेत.

तिसरा हिशेब ऋतूचा. स्वप्नातल्या स्थळाला ऋतू नसतो, प्रत्यक्षातल्या स्थळाला तो असतो. जपानमधील क्योतो ही 794 पासून 1868 पर्यंत राजधानी असलेली नगरी चेरीच्या बहरात पाहावी अशी अनेकांची इच्छा असते. तो बहर तेथे साधारणतः मार्चच्या अखेरीस व एप्रिलच्या आरंभी येतो आणि पूर्ण फुललेली झाडे जेमतेम आठवडाभर तशी राहतात. कोणत्या वर्षी तो कोणत्या तारखेला येईल, हे हवेवर अवलंबून असते. त्यामुळे चार महिने आधी तिकीट काढणाऱ्याने केवळ फुलांवर भरवसा ठेवून जाऊ नये. फुले नसली तरी क्योतो आवडेल, अशी मनाची तयारी असेल तरच जावे. जून व जुलै हे तेथील पावसाचे दिवस आहेत आणि एप्रिलअखेरच्या सलग सुट्यांत खुद्द जपानी लोकच प्रवासाला निघत असल्याने गर्दी उसळते.

कंबोडियातील अंकोर वाट हे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा सूर्यवर्मन दुसरा याने बांधविलेले विष्णुमंदिर. त्याच्या पूर्वेकडील ओवरीत समुद्रमंथनाचे सुमारे 49 मीटर लांबीचे शिल्प आहे आणि ते समजावयास भारतीय माणसाला वाटाड्याची गरज पडत नाही. नोव्हेंबर ते मार्च हा तेथे जाण्याचा योग्य काळ होय; एप्रिलची उष्णता वृद्धांना सोसणारी नसते. हा मंदिरसमूह किती विस्तीर्ण आहे याची कल्पना त्याच्या प्रवेशपत्रांवरूनही येते. 2017 साली ठरलेल्या दरांत एका दिवसाचे पत्र 37 डॉलरचे, तर तीन दिवसांचे 62 डॉलरचे होते. जेथे दरपत्रकच तीन दिवस राहावयास सुचविते, तेथे एक दिवस डोकावून येणे हा व्यवहारातलाही तोटाच होय.

मॉरिशसशी तर मराठी माणसाचे नाते आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत मजुरी करण्यासाठी जे हजारो भारतीय तेथे गेले, त्यांत कोकणातील व आसपासच्या भागांतील मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी आपले सण राखले आणि गणेशचतुर्थी ही तेथे आज सार्वजनिक सुटी आहे. हे बेट दक्षिण गोलार्धात असल्याने इकडील उन्हाळ्यात तेथे गारवा सुरू होतो. जानेवारी ते मार्च हा वादळांचा काळ टाळावा, एवढे लक्षात ठेवले की बाकीचे वर्ष प्रवाशाचेच आहे.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. अनेक देश पारपत्राची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक असावी असा आग्रह धरतात. युरोपातील ज्या 29 देशांचा मिळून एकच शेंगेन व्हिसा आहे, त्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि तो निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. शिवाय निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अन्य देशांचे नियम सोपे असले तरी ते वरचेवर बदलतात. म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या स्नेह्याच्या सांगण्यावर न विसंबता त्या त्या देशाच्या सरकारी सूचनाच पाहाव्यात. वर्तमानपत्र वाचणे हाही प्रवासाच्या तयारीचाच भाग आहे. 2022 साली श्रीलंकेत परकीय चलनाची चणचण होऊन इंधनासाठी मैलभर रांगा लागल्या होत्या. 2025 साली थायलंड व कंबोडिया यांच्या सीमेवर सशस्त्र चकमकी झाल्या. अशा घटनांनी कोणताही देश कायमचा वर्ज्य होत नाही. परंतु पैसे भरण्यापूर्वी तेथील परिस्थिती ठाऊक असावी. विमा मात्र कोठेही जाताना काढावाच. परदेशात पडलेल्या माणसाचे एक हाड घरच्यांची वर्षभराची बचत खाऊन टाकू शकते.

पैशाविषयी अंथरूण पाहून पाय पसरावे, हे सर्वांना माहीत असते. चूक होते ती अंथरूण मोजण्यात. जाहिरातीतील आकडा हा प्रवासाचा खर्च नसतो. घरापासून विमानतळापर्यंतचे भाडे, व्हिसाचे शुल्क, विमा, प्रवेशपत्रे, दुपारची जेवणे, पाण्याच्या बाटल्या आणि नातवंडांसाठी आणावयाच्या वस्तू यांची वेगळी यादी करावी आणि त्या बेरजेवर दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी ठेवावा. एवढे करूनही जी रक्कम येईल ती खर्चून परत आल्यावर घरात कोणाच्याही औषधाची वा फीची चिंता उत्पन्न होणार नसेल, तरच ते स्थळ आपल्या आवाक्यातले समजावे.

हे सर्व हिशेब कागदावर मांडले तरी एक प्रश्न उरतोच आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. स्वप्नातले स्थळ म्हणावयाचे, ते कोणाच्या स्वप्नातले? बहुतेक घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. कर्ता पुरुष ठरवितो, मुले तिकिटे काढून देतात आणि गृहिणीला सामान काय काय घ्यावयाचे एवढेच कळविले जाते. कधी कधी स्वप्न घरातील कोणाचेच नसते. ते शेजाऱ्यांचे असते, चित्रपटातल्या गाण्याचे असते. इंदूरच्या त्या गृहस्थांचे पाच देश याच जातीचे होते. त्यांना युरोपातील कोणती एक वस्तू डोळे भरून पाहावयाची आहे, असे मुलीने विचारले तेव्हा त्यांना उत्तर देता आले नाही. मग तिने आईला विचारले.

आईचे उत्तर तयार होते. ते पन्नास वर्षे तयार होते, कोणी विचारले नव्हते इतकेच. जळगावच्या शाळेत असताना तिची सहल अजिंठ्यास गेली होती. सतराव्या लेण्यात एका भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगविलेली आहे. गलबत फुटून तो साथीदारांसह राक्षसिणींच्या बेटावर जातो, एका दिव्य अश्वाच्या पाठीवरून सुटून येतो आणि पुढे सैन्य घेऊन ते बेट जिंकतो. हत्ती, घोडे आणि गलबते यांनी भरलेले ते चित्र दाखवून बाईंनी सांगितले होते, "हीच ती सिंहलद्वीपाची गोष्ट." ते बेट खरोखरच आहे आणि तेथे जाता येते, ही कल्पना त्या मुलीच्या मनात तेव्हापासून राहिली. "मला विचाराल तर लंकेला जावे असे वाटते," एवढेच ती म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली.

आता याच स्वप्नाला वरचे हिशेब लावून पाहावेत. मुंबईहून कोलंबो सुमारे अडीच तासांवर आहे. घड्याळात फरक नाही. म्हणजे जाण्यायेण्यातले दिवस धरूनही पाच दिवस पूर्ण हाती राहतात. ऋतूच्या बाबतीत या बेटाचा स्वभाव चमत्कारिक आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर या काळात कोलंबो व दक्षिण किनारा भिजवितो, तर ऑक्टोबर ते जानेवारीत पावसाचा जोर ईशान्येकडे वळतो. फेब्रुवारी व मार्च हे महिने सर्वसाधारणपणे कोरडे असतात. निवृत्त माणसाला शाळेच्या सुट्या पाळावयाच्या नसल्याने फेब्रुवारी निवडता येतो. तेथे प्रत्येक पौर्णिमा ही सार्वजनिक सुटी असते आणि त्या दिवशी बौद्ध तीर्थस्थानी मोठी गर्दी लोटते. ती पाहावयाची असेल तर पौर्णिमा धरावी, टाळावयाची असेल तर पंचांग पाहून तारीख ठरवावी.

मुक्काम तीन ठेवावेत. विमानतळापासून सिगिरियाचा परिसर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. तेथे तीन रात्री राहिले म्हणजे सिगिरिया, दांबुल्लची चित्रित लेणी आणि पोलोन्नरुव ही जुनी राजधानी सावकाश पाहून होते. पुढे कँडीला दोन रात्री राहून दंतधातूचे मंदिर व तळ्याकाठची सकाळ पाहावी आणि अखेरची रात्र विमानतळाजवळच्या निगोंबो येथे काढावी. ज्यांना महाबोधिवृक्षाचे दर्शन घ्यावयाचे आहे त्यांनी एक दिवस अनुराधपुरासाठी राखावा. मात्र मग दुसरे काही सोडावे लागेल. सोडणे हा निवडीचाच दुसरा अर्थ आहे.

अडचण उरते ती गुडघ्यांची. सिगिरिया हा सपाट रानातून सुमारे दोनशे मीटर उभा वर आलेला खडक आहे आणि माथ्यावर जावयास सुमारे 1200 पायऱ्या चढाव्या लागतात. बाईंचे गुडघे दुखतात. ज्या चित्रांसाठी जावयाचे ती चित्रे अर्ध्या उंचीवर आहेत. तेव्हा इंदूरला असतानाच खरे काय ते ठरवून टाकणे बरे. पहाटे दार उघडताच जावे. पायथ्याच्या जलोद्यानांतून सावकाश चालावे. जमेल तितके चढावे आणि जमले नाही तर पायथ्याजवळच्या संग्रहालयात चित्रांच्या प्रतिकृती पाहाव्यात. पोलोन्नरुवची जमीन मात्र सपाट आहे. तेथील गल विहारात एकाच कातळात कोरलेली बुद्धाची सुमारे चौदा मीटर लांबीची पहुडलेली मूर्ती आहे आणि तिच्यापुढे उभे राहताच अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाचे शिल्प आठवल्यावाचून राहत नाही. तिच्याजवळ जावयास डोंगर चढावा लागत नाही.

या निवडीत एक योग असाही आहे, जो कोणत्याही जाहिरातीत छापलेला नसतो. अजिंठ्याचे सतरावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले आणि सिगिरियाचा राजा कश्यपही त्याच शतकाच्या अखेरीचा. जळगावच्या मुलीने भिंतीवर पाहिलेली लंका आणि लंकेच्या कड्यावर रंगविलेल्या स्त्रिया या जवळजवळ समकालीन आहेत. एक चित्र पाहिलेल्या डोळ्यांना दुसरे चित्र परके वाटणार नाही. स्वप्नातले स्थळ निवडताना पूर्वीचे असे एखादे नाते सापडते काय, हे शोधावे. ते नाते अंकोरच्या समुद्रमंथनाशी असू शकेल, मॉरिशसच्या गणपतीशी असू शकेल किंवा लहानपणी वाचलेल्या एखाद्या पुस्तकातील नगरीशी असू शकेल. पाहण्याची तयारी ज्याची आधीच झालेली आहे, त्याला सात दिवसही पुरतात.

सिगिरियाच्या वाटेवर एक गुळगुळीत भिंत आहे. एके काळी तिच्यावर आरशासारखी झिलई होती, म्हणून तिला आरशाची भिंत म्हणतात. हजार-बाराशे वर्षांपूर्वी ती चित्रे पाहावयास आलेल्या प्रवाशांनी त्या भिंतीवर आपल्या मनातले भाव सिंहली कवितेत कोरून ठेवले आहेत. श्रीलंकेचे पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी अशा 685 रचना वाचून 1956 साली प्रसिद्ध केल्या. ते लेखक आले कसे, त्यांना किती दिवस लागले, त्यांनी आणखी किती गावे पाहिली, याची नोंद तेथे नाही. काय पाहून मन थांबले, तेवढे उरले आहे. आज त्या भिंतीला हात लावण्यास बंदी आहे आणि चित्रांची छायाचित्रे घेण्यासही बंदी आहे. त्यामुळे जळगावच्या त्या मुलीला जे न्यावयाचे ते डोळ्यांतच साठवून न्यावे लागेल. आठ दिवसांनी मुलगी आपल्या घरी परतेल, म्हाताऱ्या आईची औषधे पुन्हा सुरू होतील आणि संसार मागील पानावरून पुढे चालू होईल. त्या वेळी पाच देशांची नावे हाती नसली तरी चालेल; पन्नास वर्षांपूर्वीच्या एका भिंतीवरची गोष्ट पुरी झालेली असेल.